एक्केचाळीस नंबरची वार

जयाचं बीपी एकशेसत्तरवर गेलंय आणि ती दवाखान्यात यायला तयार नाही, हे तुळजाबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि माझ्या तोंडात ब्रश होता. तुळजाबाई म्हणजे धरणाच्या वरच्या अंगाच्या चार वाड्यांच्या आशा कार्यकर्त्या. उगाच फोन करणाऱ्यातल्या नाहीत.

“का येत नाही?”

“तिची वार पायजे म्हणती. पयल्या बाळंतपणातली. तुमी नेल्याली.”

“दोन वर्षांपूर्वीची?”

“व्हय. ती दारात पुरल्याबिगर हितनं हलायची न्हाई म्हणती. पाय सुजल्यात, डोकं ठणकतंय, डोळ्यापुढं काजवं चमकत्यात. आठवा लागलाय, ताई. मागल्या टायमाला बी असंच झालं व्हतं.”

मागच्या वेळी काय झालं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी तिथेच होते, हातमोजे घालून, ट्रे धरून.

मला भयंकर राग आला. घाबरले की मला आधी रागच येतो, हा माझा जुना दोष. तुळजाबाईंना मी वाट्टेल ते बोलले. अडाणीपणा म्हणाले, जिवाशी खेळ म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, “ताई, तिला ते पोरगं ऐकू येतंय. भर दुपारी, समदी निजली की, पाण्याच्या अंगानं रडतंय म्हणती. वार पुरल्याबिगर जागा न्हाई त्याला. आता ह्ये पोटातलं बी त्याच्या मागं जाईल म्हणून ती भ्यालीय. वार घिऊन या, मी गाडी बोलावून ठिवती.”

मी तोंड धुतलं, स्कूटर काढली आणि मारुंजीहून निघाले.

माझं काम आधी सांगते, नाहीतर मी कुणी चेटकीण वाटेन. मी वैष्णवी. माहेर उरवड्याचं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ आहे, पण बसते पिरंगुटच्या पुढे एका ट्रस्टच्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत. तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि उणे ऐंशी अंशांचा एक उंच फ्रीझर. बाळ आईकडे जातं आणि मागून पडलेली वार माझ्याकडे येते. मी तिचं वजन करते, चार ठिकाणचे चार तुकडे कापते, धुते, नळ्यांत भरून गोठवते. उरलेली वार पिवळ्या पिशवीत आणि पिशवी भट्टीत.

कशासाठी, तर एका प्रथिनासाठी. कोट्यवधी वर्षांपूर्वी, माणूस माणूस व्हायच्या कितीतरी आधी, एक विषाणू आपल्या कुठल्याशा पूर्वजाच्या बीजात शिरला. बाकीचे विषाणू येतात, छळतात, जातात. हा गेलाच नाही. लेकरांत उतरला, त्यांच्या लेकरांत उतरला. असे पुष्कळ आहेत. आपल्या आनुवंशिक मजकुरात शंभरातले आठ भाग असल्या जुन्या पाहुण्यांचे अवशेष आहेत, बहुतेक मेलेले. पण या एकाचं एक प्रथिन शरीराने कामाला जुंपलं. ज्याच्या जोरावर तो विषाणू परक्या पेशीला चिकटून आत घुसायचा, त्याच प्रथिनाने आता वारेतल्या पेशी एकमेकींत मिसळतात आणि त्यांची बिनशिवणीची चादर होते. आईच्या रक्तातलं अन्न त्या चादरीतून बाळाला पोचतं. ज्या बायकांना गरोदरपणात बीपी चढून झटके येतात, त्यांच्या वारेत हे प्रथिन बऱ्याचदा कमी सापडतं. ते का, हे आम्ही शोधतोय. त्या जुन्या मेलेल्यांपैकी काही पुढे जागेही होतात. मज्जातंतूंच्या आजारात, काही गाठींत त्यांची प्रथिनं सापडतात. ती रोग करतात की नुसती तिथे असतात, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी जयाला झटके येत असतानाच आणली होती. मुलगा झाला, पण रडला नाही. जया बेशुद्ध होती, म्हणून परवानगीच्या कागदावर तिच्या नवऱ्याची, गोमाची सही घ्यायची होती. तो भिंतीला टेकून बसला होता, त्याला काही सुधरत नव्हतं. बोलत होती ती त्याची आई, बाळाबाई. वाडीची सुईण. तिने आधी ट्रेमधली वार वाकून नीट बघितली आणि मग मला विचारलं, “ह्येचं काय करणार?”

मला समजावून सांगायची भारी हौस. मी सगळं सांगितलं, विषाणू, प्रथिन, चादर. तिने एकाग्रतेने ऐकलं.

“म्हंजी मेलाय, पर घर सोडलं न्हाई?”

“तसंच.”

“आन राखण करतो?”

“हो.”

“मग ह्या पोराची का न्हाई केली?”

तेच शोधतोय म्हणाले. तिने विचारलं, शोधून झालं की वार परत द्याल ना, आमाला दारात पुरावी लागती. वॉर्डात आणखी दोघी अडल्या होत्या. मी म्हणाले, “हो, देऊ.” गोमाने सही केली. अर्ध्या तासाने मी चार तुकडे कापले आणि पिवळ्या पिशवीला गाठ मारली.

फोन आला त्या सकाळी दवाखान्यात पोचून मी रजिस्टर उघडलं, जणू काही मला ठाऊकच नव्हतं. जया, सदुसष्ट नंबर. चारही नळ्या वापरून संपल्या होत्या. परत द्यायला काही म्हणजे काहीच उरलं नव्हतं.

खरं सांगितलं असतं तर जया आली नसती. उचलून आणावं तर जीपच्या रस्त्यापासून वाडी पाऊण तास चढावर, आणि नको म्हणणाऱ्या गरोदर बाईला कोण उचलणार? त्या दिवशी वॉर्डात दोन बाळंतपणं झाली होती. एखादी वार उचलून नेणं अगदी सोपं होतं. वार म्हणजे वार, यांना काय कळणार, असं माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण कुणाची तरी, तिला न विचारता नेऊन परक्याच्या दारात पुरायची, हे दुसऱ्यांदा माझ्याने होईना. जिची परवानगी मला तिथल्या तिथे घेता येईल अशी एकच बाई होती.

फ्रीझरच्या सगळ्यात खालच्या खणात एक्केचाळीस नंबर आहे. होता. तो माझा.

तीन वर्षांपूर्वी, सातव्या महिन्यात, त्याच वॉर्डात. मुलगी होती. रडलीच नाही. तिला माझ्या नवऱ्याच्या, विकासच्या, घरच्यांनी नेलं, मला दाखवलंही नाही, बघू नकोस म्हणाले. ट्रे घेऊन उभा होता माझा सहकारी सुनील. त्याला मी म्हणाले, कापू नको, पूर्ण ठेव, नंतर मी कापते. नंतर म्हणजे कधीच नाही. दरवर्षी तपासणीला येणारे विचारतात, एक्केचाळीस प्रलंबित का? मी काहीतरी लिहिते. दर सोमवारी दाराचं बर्फ खरवडताना मी खालचा खण दोन बोटं उघडायची आणि काहीतरी बोलायची. बाहेर ऊन आहे, असलं काहीतरी. फ्रीझरची घरघर एवढी एकसुरी असते की तिच्यात आपल्याला हवं ते ऐकू येतं. तिथे माझी मुलगी आहे असं मला वाटायचं. हे मी कुणाला, अगदी विकासलाही, कधी सांगितलं नव्हतं.

मी खण उघडला. पिशवी काढली, वरचं लेबल सोललं, थर्माकोलच्या डब्यात ठेवली. सुनील दारात येऊन उभा राहिला. त्याने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाला. पौडच्या एसटी स्टँडपाशी मी स्कूटर थांबवून पिशवी हाताने दाबून पाहिली. कडा सैल झाल्या होत्या. तीन वर्षांत ती पहिल्यांदाच वितळत होती आणि मला वाटलं, परत फिरावं.

वाडीवर पोचले तेव्हा दीड वाजला असेल. पंधरा-सोळा घरं, सगळीकडे सामसूम. खाली धरणाचं पाणी उन्हात पसरलेलं. जया दारात भिंतीला पाठ लावून बसली होती. चेहरा इतका सुजलेला की मी तिला ओळखलंच नाही. तुळजाबाई तिच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होत्या. त्यांनी मला नुसती मान हलवून दाखवलं, वाढलंय म्हणून.

“आणली?” जयाने विचारलं.

“आणली.”

“आत्ता रडत व्हता,” ती म्हणाली. “तुमी आला आन गप झाला.”

बाळाबाईने माझ्या हातातून डबा घेतला. वार आईने बघायची नसते म्हणाली, आणि मला खुणेने घराच्या मागे बोलावलं. तिथे तिने पातेल्यात कोमट पाणी काढून ठेवलं होतं, हळद घातलेलं. पिशवी फाडून तिने वार पाण्यात सोडली आणि तान्ह्याला न्हाऊ घालावं तशी बोटांनी उलगडायला लागली. मी दुसरीकडे बघत उभी राहिले. मग तिचा आवाज आला, अगदी हळू.

“ही आमची न्हाई.”

“आजी, दोन वर्षं बर्फात होती, त्यामुळे तुम्हाला—”

“बर्फाचं मला सांगू नगा. आमच्या पोराची नाळ वारंच्या कडंला व्हती. मी बघितल्याली. हिची मधोमध हाय. आन ही एवढीशी. सातव्यातली हाय ही. कुणाची?”

कितीतरी वारा मोजून, कापून, नोंदवून झाल्या होत्या माझ्या, आणि नाळ कुठे जोडलेली असते हे मीच रजिस्टरात लिहायचे. तरी मला वाटलं होतं की हिला कळणार नाही.

“माझी,” मी म्हणाले.

तिने वर बघितलं. हात तसेच पाण्यात.

“पोरगा का पोरगी?”

“मुलगी.”

“आन आमच्याची?”

“जाळली. दवाखान्यात सगळ्यांच्या जाळतात. पिशवी मीच बांधली.”

“देती म्हणली व्हतीस.”

“हो.”

ती आता मला तुमी म्हणत नव्हती. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. पुढून जयाचं कण्हणं ऐकू येत होतं आणि मला एकच दिसत होतं, की आता ही बाई उठेल, पुढे जाऊन खरं सांगेल, जया तिथेच बसून राहील आणि संध्याकाळच्या आत तिला झटके सुरू होतील. मी तिच्यासमोर खाली बसले. हात जोडले. “आजी, तिला नका सांगू. मला काय वाटेल ते करा. पण तिला खाली जाऊ द्या.”

“गप,” बाळाबाई म्हणाली. “इचार करू दे.”

तिने वार पाण्यातून उचलून निथळली, केळीच्या पानावर ठेवली, नाळ वर येईल अशी. कुंकवाचं बोट लावलं.

“तवा तूच सांगितलं व्हतंस. परका भायेरून आला, घुसला, आन मग घरातच ऱ्हाऊन राखण कराया लागला.”

“ते वेगळं, आजी. ते विषाणूचं.”

“येगळं कसं? परक्याला जागा दिली की त्यो घरचा व्हतो. न्हाई दिली की छळतो. एवढं कळाया मशीन कशाला लागतंय?” तिने पानाची टोकं दुमडली. “तुझ्या पोरीला मी ठिवून घेती. आमच्या उंबऱ्यात. जया तिला रोज दुपारी भात ठिवंल, पोटातलं हिंडाया लागस्तोवर. आमची रीत हाय ती. पर मग आमच्या पोराला जागा उरत न्हाई. त्याला तू न्यायचं.”

“कुठे?”

“तुझ्या घरी. तूच त्याची जागा जाळलीस. दुपारचा भात ठिवायचा. उपाशी ठिवलास तर मला कळंल.”

“हो,” मी म्हणाले.

“तवासारखं ‘हो’ नगं.”

“नाही, आजी. खरं हो.”

उंबऱ्याच्या बाहेर, उजव्या अंगाला, गोमाने खड्डा खणून ठेवला होता. बाळाबाईने दुमडलेलं पान आत ठेवलं. जया पुढे सरकली, पहिली मूठ तिने टाकली आणि म्हणाली, “दादा, झोप रं आता.” माझ्या मुलीला जन्मात कुणी पहिल्यांदा हाक मारली ती ही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, दादा नाही, मुलगी आहे ती.

“ताईंनी बी माती टाकावी,” बाळाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “लई लांबनं घिऊन आल्यात.”

मी मूठभर माती टाकली. मग आणखी एक. तिसऱ्या वेळी तुळजाबाईंनी माझा हात धरला, कारण जीप खाली येऊन उभी होती.

जया स्वतःच्या पायांनी उतरली, गोमाच्या खांद्यावर हात टाकून. वाटेत कुठेच थांबली नाही. दवाखान्यात दोन दिवस औषधांवर बीपी कसंबसं धरून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सीझर केलं. मुलगी, पावणेदोन किलो. रडली. एवढ्याशा छातीतून केवढ्यांदा रडली. तिची वार ट्रेमधून माझ्याकडे आली. मी रजिस्टरात ‘परवानगी नाही’ असं लिहिलं आणि ती तशीच पानात बांधून बाळाबाईच्या हातात दिली.

आता माझ्या ‘हो’चं सांगते. पहिला आठवडा मी काहीच केलं नाही. मी जीवशास्त्राची पदवीधर बाई, मारुंजीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते, आमच्या दाराला उंबराही नाही, फरशीची पट्टी आहे. जया वाचली, विषय संपला, असं मी स्वतःला बजावत होते. रविवारी दुपारी विकास झोपला होता, मी कपडे घड्या करत होते, आणि बाल्कनीच्या बाजूने बारीक रडण्याचा आवाज आला. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ असेल म्हणून मी वाकून बघितलं. खालचा फ्लॅट बंद होता. सोमवारी दवाखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, तोच आवाज. वॉर्डात जाऊन आले. सगळी बाळं झोपलेली. फ्रीझरच्या मोटरचा आवाज बदलला असेल म्हणून मी माणूस बोलावला. त्याने मागचं झाकण उघडून बघितलं आणि मोटर एकदम ठीक आहे म्हणाला.

मी घाबरट नाही. शिवाय ती भीती नव्हतीच. तो आवाज भुकेचा होता. एवढं कुठल्याही बाईला कळतं.

बुधवारी मी अर्धा दिवस रजा टाकली, घरी येऊन भात शिजवला आणि बाल्कनीत तुळशीच्या कुंडीशेजारी वाटीत चिमूटभर ठेवला. विकास त्या दिवशी घरून काम करत होता. लॅपटॉप तसाच टाकून आला. “कुणाला ठेवतेस हे?”

मग मी त्याला सगळं सांगितलं. सदुसष्ट नंबर, पिवळी पिशवी, खालचा खण, वाडी. मला वाटलं होतं, हसेल किंवा डॉक्टरकडे चल म्हणेल. तो बाल्कनीत खाली बसला. तीन वर्षांत आम्ही दोघांनी तिचं नाव काढलं नव्हतं, कारण नावच ठेवलं नव्हतं. “म्हणजे ती इतके दिवस तिथे होती?” त्याने विचारलं. “मला का नाही सांगितलंस?” आणि तो असा रडला की मी त्याला तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं. आता मी दवाखान्यात असले की भात तो ठेवतो. चिमण्या खातात, मी पाहिलंय. रडणं मात्र थांबलं.

जयाच्या मुलीच्या लसीच्या तिसऱ्या फेरीला त्या दोघी सासूसुना दवाखान्यात आल्या. जया मुलीला घेऊन वजनकाट्यापाशी रांगेत उभी राहिली. मुलगी चांगली गुटगुटीत झाली होती, सूज उतरून जयाची कातडी पुन्हा घट्ट बसली होती. बाळाबाई माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसली. मी पाणी दिलं. ते प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि रांगेकडे बघतच म्हणाली,

“आमचा कसा हाय?”

“बरा आहे,” मी म्हणाले. “जेवतो.”

“तरास न्हाई ना देत?”

“नाही. आधी द्यायचा. आता नाही.”

तिने मान हलवली. मला माझं विचारायचं होतं. ओठांवर आलं होतं, पण काय म्हणून विचारणार? जमिनीत पुरलेली वार ती. तिकडे जयाचा नंबर आला, ती मुलीचं झबलं काढत होती. बाळाबाई उठली, जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“आन तुझी लई गुणाची हाय,” ती म्हणाली. “दार सोडून हलत न्हाई.”

मी त्या बाकावर बसून भर वॉर्डात, सगळ्यांसमोर, मोठमोठ्याने रडले.